पद्मिनी आठवडाभराने सुरू होत नाही, तापल्यावर तर मुळीच घेत नाही

गिरगावकर (प्रश्न)

वडिलांनी घेतलेली १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आजही आमच्या वाडीत उभी असते आणि दर रविवारी सकाळी मी ती मरीन ड्राइव्हवरून वरळीपर्यंत नेऊन आणतो. गेल्या वर्षभरापासून दोन तक्रारी सुरू आहेत. आठवडाभर उभी राहिल्यावर चोक पूर्ण ओढून आणि एक्सलेटर चार-पाच वेळा दाबूनही बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, तेव्हा कुठे ती एका-दोन सिलिंडरवर धडपडत सुरू होते. दुसरी तक्रार अधिक त्रासाची आहे. वरळीला दहा मिनिटे इंजिन बंद ठेवले की ते पुन्हा घेतच नाही, पेट्रोलचा वास येऊ लागतो आणि साधारण अर्ध्या तासाने जणू काही झालेच नव्हते अशी गाडी सुरू होते.

या काळात कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) तीन वेळा उघडून साफ करून घेतला आणि एकदा नवीन किटही टाकली. प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवस बरे गेले. प्लग काढले की त्यांच्यावर कोरडी काळी काजळी दिसते. आता मला दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर बसवण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु मूळचा सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर काढण्याची माझी इच्छा नाही. नेमके काय तपासावे?

कुर्ल्याचा फिटर

कार्बोरेटर चौथ्यांदा उघडू नका. आपण सांगितलेल्या दोन तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत आणि त्या एकत्र धरल्यामुळेच तीन वेळा खर्च होऊनही उपयोग झालेला नाही.

आधी थंड इंजिनाचे पाहू. गाडी आठवडाभर उभी राहिली की बाउलमधले, म्हणजे कार्बोरेटरच्या साठ्याच्या कप्प्यातले, पेट्रोल मुंबईच्या उष्म्यात हळूहळू उडून जाते, शिवाय टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या पंपाच्या आतल्या झडपा गळत असतील तर नळीतले पेट्रोलही टाकीकडे परत उतरते. मग सेल्फ मारत राहिल्यावर पंप आधी नळी भरतो, नंतर बाउल भरतो आणि तोवर बॅटरी दमते. याची परीक्षा फुकट होते. येत्या रविवारी किल्ली फिरवण्यापूर्वी पंपाखालची हातदांडी दाबत राहा. दांडी हाताला सैल लागली, तर कॅमशाफ्टने पंप आधीच दाबून धरलेला असतो, म्हणून इंजिन थोडे फिरवून पुन्हा दाबा. बाउल भरल्यानंतर गाडी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, तर दोष जेटमध्ये (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या मापाच्या छिद्रांत) नाही हे सिद्ध झाले.

आता चोकविषयी, कारण येथे बहुतेक जण चुकतात. सोलेक्सच्या अनेक कार्बोरेटरांत तोंडावर मिटणारी चोकची पाकळी नसते. बाजूला एक फिरती डिस्क असते आणि ती स्टार्टर जेटमधून वेगळे, दाट (जास्त पेट्रोलचे) मिश्रण थ्रॉटलच्या, म्हणजे एक्सलेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, खालच्या बाजूला सोडते. हे मिश्रण ओढण्यासाठी थ्रॉटल मिटलेलाच असावा लागतो. आपण एक्सलेटर दाबून धरला की खालची ओढ कमी होते आणि चोक ओढूनही न ओढल्यासारखा होतो. म्हणून आपल्या गाडीवर डिस्कचा प्रकार असेल, तर चोक पूर्ण ओढून पाय एक्सलेटरवरून काढा आणि मग सेल्फ मारा.

याच चोकच्या केबलकडे प्लगच्या काजळीसाठीही पाहावे लागेल. डॅशबोर्डवरची मूठ पूर्ण आत गेली तरी केबल गंजलेली किंवा आखडलेली असल्यास कार्बोरेटरवरचा दांडा पूर्ण मिटत नाही, चोक थोडा उघडाच राहतो आणि इंजिन दिवसभर दाट मिश्रणावर चालते. बॉनेट उघडून दुसऱ्या कोणाला मूठ ढकलायला सांगा आणि दांडा शेवटपर्यंत जातो का, हे स्वतः पाहा.

गरम इंजिनासाठी वरळीला पोहोचल्यावर इंजिन बंद करा, एअर फिल्टर काढा आणि पाच-सहा मिनिटांनी टॉर्चच्या उजेडात कार्बोरेटरच्या घशात डोकावा. काडी पेटवू नका. आत पेट्रोल ठिबकताना दिसले, तर तळाच्या उष्णतेने बाउल उकळत आहे किंवा बाउल भरल्यावर पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाही. अशा वेळी एक्सलेटर वारंवार दाबल्याने ॲक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो. तो एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा, म्हणजे साचलेले पेट्रोल हवेबरोबर बाहेर जाईल. मात्र ठिबक अजिबात दिसली नाही, तर कार्बोरेटर सोडून ठिणगीच्या यंत्रणेतल्या कॉइल आणि कंडेन्सरकडे वळा, कारण तेही तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर बरे वागतात.

पार्लेकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आजच्या पेट्रोलविषयी मात्र थोडे सांगणे आवश्यक वाटते. आता पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. निव्वळ पेट्रोलला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ पट, म्हणजे जुन्या मापाच्या जेटवर इंजिन थोडे पातळ मिश्रणावर चालते. त्यामुळे अनेक जण मेन जेट वाढवण्याचा सल्ला देतात. आपल्या प्लगवर काजळी असताना तसे करू नका. आधी काजळीचे कारण काढा, नंतर प्लगचा रंग पाहून ठरवा.

रबराची बाब मात्र टाळू नका. इथेनॉलमुळे जुन्या नळ्या आणि इंजिनावरच्या पंपाचा जुना डायफ्रॅम (रबरी पडदा) फुगतो, मऊ पडतो आणि सुटलेले कण सुईखाली अडकतात. दर वेळी साफसफाईनंतर आठ-पंधरा दिवसच बरे जातात, याचे हे एक कारण असू शकते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. आणि जेटमध्ये तार कोणालाही घालू देऊ नका. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग जेटवरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. फुंकलेली हवा पुरते.

डोंबिवलीची वाचक

एक छोटी भर. सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज मोजा. ते साडेनऊच्या खाली जात असेल, तर कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही आणि ठिणगी अशक्त पडते. आमच्या फियाटमध्ये महिनाभर कार्बोरेटरला दोष दिल्यानंतर इंजिनाच्या अर्थची पट्टी गंजलेली निघाली होती.

गिरगावकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार तपासणीत गेले. हातदांडी वीस-पंचवीस वेळा दाबली, पाय एक्सलेटरवरून काढला आणि गाडी दुसऱ्याच सेल्फला सुरू झाली. वर्षभरात असे झाले नव्हते. सेल्फ मारताना व्होल्टेज १०.४ राहिले, त्यामुळे तो प्रश्न मिटला. चोकचा दांडा खरोखरच थोडासा अडत होता. केबल बदलली आणि आता प्लग तपकिरी होऊ लागले आहेत.

वरळीला घशात डोकावल्यावर सहाव्या मिनिटाला ठिबक स्पष्ट दिसली. सुई नवीच होती, म्हणून कार्बोरेटर उचलून तळ पाहिला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीच्या) मधले बॅकेलाइटचे जाड पॅकिंग मागच्या वेळी परत बसवलेलेच नव्हते. त्याच्या जागी किटमधले कागदी गॅस्केट होते, म्हणजे मॅनिफोल्डची सारी उष्णता थेट बाउलपर्यंत जात होती. जाड पॅकिंग ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळाले. ते बसवल्यानंतर काल दुपारी बाराच्या उन्हात पंधरा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केली, तेव्हा एक्सलेटर तळापर्यंत दाबावाही लागला नाही. पंप अजून जुनाच आहे. नळ्या आणि डायफ्रॅम येत्या शनिवारी बदलणार आहे आणि त्यानंतर आठवडाभर गाडी मुद्दाम उभी ठेवून हातदांडीशिवाय कशी घेते, ते येथे कळवीन.