मंदीचं खापर कोणावर : केन्स की हायेक?

अंबडचा वेंडर :
२००८ च्या दिवाळीनंतर नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या शेडमध्ये तीन शिफ्टची एक झाली. ज्या मोठ्या कंपनीला माल पुरवतो, तिची मागणी निम्म्यावर आली. मशीन तीच, कारागीर तेच, हप्तेही तेच. गिऱ्हाईक तेवढं गेलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, मंदीचं निदान ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सनेच केलं. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई. धास्तीने सगळ्यांनी एकदम हात आखडला की धडधाकट कारखानाही बसतो. मग खर्चाला सरकारनेच पुढे यावं लागतं. त्या डिसेंबरात केंद्राने उत्पादन शुल्क, म्हणजे कारखान्यात बनणाऱ्या मालावरचा कर, १४ चं १० टक्के केलं, फेब्रुवारीत ८. उन्हाळ्यात आमची दुसरी शिफ्ट लागली.

गंगापूर रोड :
दादा, तिसरी शिफ्ट आधी कशाच्या बळावर लागली होती, तेही सांगा. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये व्याजदर १ टक्क्यावर आणला, घरांचा बाजार फुगला, जगभर मागणी चढली. ऑस्ट्रियन वळणाचा अर्थतज्ज्ञ हायेक म्हणतो, लोकांनी बचत केलेली नसताना व्याज खाली ओढलं की उद्योजकाला चुकीचा इशारा मिळतो. लांब मुदतीची कामं सुरू होतात आणि पुरी करायला साधनं उरत नाहीत. चूक तेजीत होते, मंदीत ती उघडी पडते. पुन्हा पैसा ओतणं म्हणजे पुढच्या चुकीची पेरणी.

निफाडचा बागायतदार :
हे मला बागेवरून कळतं. द्राक्ष लावल्यावर पहिलं पीक यायला दीड-दोन वर्षं. स्वस्त कर्जावर मांडव उभा केला आणि मध्येच व्याज चढलं, तर बाग अर्धी सोडता येत नाही. लासलगावच्या कांद्याचं चक्र वेगळं : यंदा भाव चढला की पुढच्या हंगामात सगळेच लावतात आणि भाव पडतो. त्याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत म्हणतात. पण तिथे एकच पीक पडतं, मंदीत सगळंच एकदम.

अंबडचा वेंडर :
काका, शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं बोललात. चुकीची गुंतवणूक बुडावी, मान्य. पण १९३३ मध्ये अमेरिकेत चारातला एक कामगार बेकार होता. ते सगळे काय चुकीच्या धंद्यात होते? बाजारवादी अर्थतज्ज्ञ फ्रीडमननेही सहलेखिका श्वार्ट्झबाईंबरोबर दाखवलं, की १९२९ ते १९३३ मध्ये चलनपुरवठा, म्हणजे लोकांकडचा आणि बँकांतला पैसा, सुमारे एक तृतीयांश आटला आणि मध्यवर्ती बँकेने तो आटू दिला. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

खातेवही :
मी सातपूरच्या लहान कारखान्यांची खाती लिहिते. मला अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिन्स्की जवळचा वाटतो. सुरुवातीला मालक कमाईतून मुद्दल-व्याज दोन्ही फेडतो. काही वर्षं बरी गेली की मालकाची आणि बँकेचीही भीड चेपते. मग कमाईतून फक्त व्याज निघतं. शेवटी व्याज भरायलाही नवं कर्ज. इथवर हायेकच्या बाजूचं. पण सगळेच एकदम मशीन विकायला काढतात, तेव्हा स्वच्छ खात्याचा मालकही अडकतो, कारण त्याचं बिल बुडणाऱ्याकडेच थकलेलं असतं. तिथे केन्स लागतो.

गंगापूर रोड :
ताई, थकलेल्या बिलाचं पटलं. पण सुरू केलेली सवलत सरकार मागे कधी घेतं?

अंबडचा वेंडर :
२०१० च्या अर्थसंकल्पात ८ चं पुन्हा १० केलंच की. तोवर आमचे सहा ठेकेदारी कामगार गावी गेले होते, परत दोघेच आले. बाकीच्या चौघांनी कोणती चुकीची गुंतवणूक केली होती?