शिक्षकांचे ५० तास नुसते मोबाईलवरच जाणार का?

जावळीचा मास्तर: २०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे. तासांना माझी ना नाही, पण ते जातात सरकारच्या दीक्षा ॲपवर, व्हिडिओ बघा प्रश्न सोडवा प्रमाणपत्र घ्या. परवा शेजारच्या शाळेतल्या मॅडम माझ्या दुसरीच्या वर्गात मागं बसल्या होत्या, ५२ वजा २७ चाललेलं, म्हणाल्या सर पोरं 'दशक सुटा केला' म्हणतायत पण दहा काड्यांच्या गठ्ठ्याचं रबर कुणीच काढलं नाही, वरचं २ खालच्या ७ मधून वजा करून मोकळी. मला फळ्यापुढं उभं राहून हे दिसलंच नव्हतं. निम्मे तास तरी असे एकमेकांच्या वर्गात बसून धरा.

कोरेगावचा पालक: आमच्या शाळेत शिक्षक दोनच. एक सर गेले की चारी वर्ग एकट्या मॅडमच्या गळ्यात, त्यात मतदारयाद्यांचं काम वेगळं. पोरांचा बुडालेला दिवस कोण भरून देणार? शिकायचं तर मे महिन्यात शिका.

पाटणची शिक्षिका: दादा, मे मध्ये पोरंच नसतात, वर्ग कुणाचा बघायचा? पण सर, तुमचंही आत्ता जमणारं नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा लागली, मुदत दोन वर्षं. आमच्याकडं सगळे रात्री गाईड घेऊन बसतात. आधी नोकरी वाचू दे.

निवृत्त केंद्रप्रमुख: नुसतं बघून काही होत नाही ओ. आपल्याच सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, पोरांना कृतीतनं शिकवणारा शाळांचा गट, बघायला राज्यभरातनं शिक्षक आले, आणि कितीतरी जणांनी परत जाऊन तिथल्यासारख्या नुसत्या फरशा रंगवल्या, शिकवणं होतं तेच. महिन्यानं परत येऊन 'पुढं काय झालं' विचारणारा माणूस लागतो. नोकरीत १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं आणि २४ वर्षांनी निवडश्रेणीचं प्रशिक्षण, पगाराशी जोडलंय म्हणून लोक करतात. मधल्या वर्षांत त्याला कोण विचारतं? म्हणून मी म्हणतो सक्ती पाहिजेच.

जावळीचा मास्तर: विचारणारा माणूस पाहिजे, शंभर टक्के पटलं. सक्ती नाही पटली, सक्तीनं मागं बसलेला माणूस घड्याळच बघणार. पालक दादा, जादा दिवस नकोच, आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्याच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीला, आम्ही तसेही जातो, तिथं परिपत्रकं वाचण्यापेक्षा ज्या शाळेत परिषद आहे तिथला एक तास सगळ्यांनी बघायचा.

कोरेगावचा पालक: असं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत मी स्वतः मांडतो. पण त्या दिवशी आमच्या शाळेवर पोरांपाशी कोण थांबणार ते आधी ठरवून सांगा.