स्लाइडमधला आकडा हलता कशाला हवा?

अंबडचा क्वालिटीवाला:
काल इथे एका सल्लागार साहेबांनी लिहिलं की मीटिंगला अजून डॅशबोर्डचा (आकडे आणि चार्ट एकत्र दाखवणाऱ्या पानाचा) स्क्रीनशॉट चिकटवून आणणारी माणसं मागच्या शतकातली, प्रत्येक स्लाइडमध्ये लाइव्ह, म्हणजे आकडे आपोआप ताजे करणारा, डॅशबोर्डच पाहिजे, नाहीतर तुम्ही मॅनेजमेंटची दिशाभूल करताय. दिशाभूल हा शब्द वाचला आणि डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. आमच्याकडे दर सोमवारी ९ वाजता प्रॉडक्शन रिव्ह्यू असतो. मागच्या वर्षी वरून फर्मान आलं, सगळ्या स्लाइड लाइव्ह करा. पॉवरपॉइंटमध्ये पॉवर बीआयचं (मायक्रोसॉफ्टचं डॅशबोर्ड बनवायचं सॉफ्टवेअर) अ‍ॅड-इन २०२२ पासून आहे, ते टाकलं, दोन दिवस खपून लिंका जोडल्या. पहिल्या सोमवारी कॉन्फरन्स रूमचा लॅपटॉप वेगळा, स्लाइड उघडली तर साइन-इन मागतेय, साइन-इन केलं तर कोड फोनवर येणार आणि फोन गेटवर जमा! प्लांट हेड घड्याळाकडे बघतायत, मी गेटकडे पळतोय. दुसऱ्या वेळी रविवारी लाइट बंद करताना कोणीतरी गेटवेचा पीसी (प्लांटचा डेटा पॉवर बीआयला पोचवणारा) पण बंद केला, रिफ्रेश झालाच नाही, आणि आम्ही शनिवारच्या दुसऱ्या शिफ्टचे आकडे ताजे समजून अर्धा तास चर्चा केली. स्क्रीनशॉट असता तर खाली निदान तारीख तरी असती.

पण सगळ्यात वाईट तिसरा सोमवार. मीटिंग चालू असतानाच शेड्यूल रिफ्रेश, म्हणजे ठरल्या वेळी आकडे ताजे करणं, झाला. रिजेक्शन ३.१ टक्के होतं, मागची स्लाइड परत काढली तर ३.६. प्लांट हेडनी डायरीत ३.१ लिहिलं होतं, परचेसवाल्याने ३.६ धरून सप्लायरला मेल टाकला, आणि दोघं माझ्यावर धावून आले की खरा कुठला. दोन्ही खरे होते हो! पण निर्णय कुठल्यावर घ्यायचा?

आणि लाइव्ह लाइव्ह म्हणता ते तरी कितपत लाइव्ह? डेटा इम्पोर्ट करून घेतला असेल, म्हणजे त्याची प्रत पॉवर बीआयमध्ये ठेवली असेल, तर प्रो लायसन्सवर दिवसाला ८ शेड्यूल रिफ्रेश, प्रीमियमवर ४८. म्हणजे तो पण फोटोच, फक्त कधी काढलाय ते बघणाऱ्याला माहीत नाही. बघायला, शोधायला डॅशबोर्ड उत्तम, मी दिवसभर तेच वापरतो. पण ठरवायला बसलो की आकडा थांबलेला पाहिजे आणि त्याखाली तारीख-वेळ पाहिजे. याला दिशाभूल म्हणू नका.

पिंपळगाव पॅकहाउस:
दादा, तुमचा पीसी कोणी बंद केला, फोन गेटवर राहिला, यात डॅशबोर्डचा काय दोष? गाडीत पेट्रोल नव्हतं म्हणून बैलगाडीच बरी असं झालं हे.

आमची गोष्ट ऐका. आम्ही कांदा आणि द्राक्ष दोन्ही बघतो. लासलगावला सकाळच्या सत्रात एक भाव निघतो आणि दुपारी दुसराच. दोन वर्षांपूर्वी आमच्या पोराने सकाळचा भाव स्लाइडवर चिकटवला, चार वाजता पार्टीसमोर तीच स्लाइड दाखवली, तोवर क्विंटलमागे दीडशे रुपये उतरले होते. समोरच्याने मोबाईल काढला आणि आमच्याच तोंडासमोर धरला. कोपऱ्यात तारीख होती बरं का, तुमच्या म्हणण्याप्रमाणे. तारखेने अब्रू वाचली नाही.

द्राक्षाच्या सीझनला बाहेरच्या बायरसोबत कॉल असतो. तो मधेच विचारतो, फक्त निफाडच्या बागांचा माल दाखवा, १८ एमएमच्या वरचा मणी किती, रेसिड्यूचे (फवारणीच्या औषधांच्या अंशांचे) रिपोर्ट किती प्लॉटचे आले. पूर्वी आम्ही म्हणायचो मेल करतो. मेल जाईपर्यंत त्याचं दुसऱ्याशी बोलणं झालेलं असायचं. आता स्लाइडमध्येच स्लायसरवर (हवा तेवढाच डेटा गाळून दाखवणाऱ्या बटणावर) क्लिक, निफाड, आणि समोर उत्तर. त्याचा विश्वास बसतो कारण त्याला दिसतं की मी काही लपवत नाहीये. स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांचं २००६ चं टेडवरचं भाषण बघा, चार्टवर देशांचे बुडबुडे वर्षागणिक हलताना दिसले म्हणून लोकांना कळलं, तेच कागदावर छापून दिलं असतं तर कोणी ढुंकून बघितलं नसतं.

आणि आपण नाशिकची माणसं. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की कमरेला हे आपण जाऊन बघतो ना? की कालचा फोटो बघून रामकुंडावरची गाडी काढायची का ते ठरवतो?

अंबडचा क्वालिटीवाला:
रोसलिंगच्या बुडबुड्यांत दशकांचा जुना डेटा होता हो, तो हलता होता, लाइव्ह नव्हता. भाषणाच्या मधेच आकडे बदलले नाहीत. तुम्ही हलणं आणि ताजं असणं एकत्र करताय. बायरच्या कॉलचं मात्र मान्य, तिथे समोरचा विचारणार आणि आपण शोधून दाखवणार. माझा मुद्दा रिव्ह्यूचा आहे.

कॉलेज रोड सीए:
लाइव्ह की फोटो हे नंतर बघा, आधी मला सांगा तुमच्या डॅशबोर्डवर ते एम (मिलियन, म्हणजे दहा लाख) का असतं? १.८ एम, ०.४ एम. पॉवर बीआयमध्ये डिस्प्ले युनिटला हजार, मिलियन, बिलियन, ट्रिलियन आहे, लाख-कोटी नाही. माझ्या एका क्लायंटकडे, वडील आणि दोन मुलं मिळून सातपूरला युनिट चालवतात, मुलाने हौसेने डॅशबोर्ड केला आणि स्लाइडला जोडला. त्यावर स्क्रॅपचा खर्च १.८ एम. वडिलांनी तो तीन महिने एक लाख ऐंशी हजार म्हणून वाचला. अठरा लाख होते हो ते! ऑडिटला बसलो तेव्हा मी तोंडाने अठरा लाख म्हणालो, तर त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि मुलाकडे नुसतं बघत राहिले. मुलगा म्हणाला, पप्पा मी दर महिन्याला दाखवत होतो. दाखवत होता, हे पण खरंच.

आकडा ताजा असून काय उपयोग, जर तो ज्याचा पैसा आहे त्यालाच वाचता येत नसेल?

सातपूर डेटा:
सीए सर, हे सोडवता येतं. मेझरला (आकडा काढणाऱ्या सूत्राला) एक लाखाने भागा आणि हेडिंगमध्ये ‘₹ लाखात’ लिहा, दोन मिनिटांचं काम आहे. एक्सेलमध्ये पण कस्टम फॉरमॅटने १२,३४,५६७ असा स्वल्पविराम येतो, पण तिथे दोनच अटी देता येतात त्यामुळे तोट्याचे मायनस आकडे परत इंग्रजी पद्धतीने दिसतात, ते सांभाळा. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारत केलं तर ती पण भानगड राहत नाही.

बाकी खरं सांगू का, आता सगळ्यांनी मिलियन शिकून घेतलं पाहिजे. बायर बाहेरचे, ग्रुप कंपनी बाहेरची, एकाच फाइलचे दोन अवतार कोण सांभाळणार?

कॉलेज रोड सीए:
शिकून घेतलं पाहिजे म्हणजे कोणी? ६५ वर्षांच्या माणसाने, ज्याने लेथवर उभं राहून तो धंदा उभा केला? कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ मध्ये (ताळेबंद कसा मांडायचा ते सांगणारं परिशिष्ट) सुद्धा १०० कोटींच्या खाली उत्पन्न असेल तर शेकडा, हजार, लाख किंवा मिलियन, आणि वर असेल तर लाख, मिलियन किंवा कोटी, यातलं काहीही चालतं, अट एवढीच की एकदा घेतलेलं युनिट सगळीकडे तेच. म्हणजे कायद्याला लाख चालतो, बँकेला चालतो, फक्त तुमच्या सॉफ्टवेअरला आणि तुम्हाला चालत नाही!

सातपूर डेटा:
मी उपाय सांगितला तरी मलाच बोलताय. दिवसाला चार डिपार्टमेंटचे आठ डॅशबोर्ड बनवतो, प्रत्येकाला वेगळं युनिट पाहिजे, अकाउंटला लाख, सेल्सला कोटी, एक्सपोर्टला मिलियन. चूक झाली की शिव्या मला. त्या मुलाने बनवलं तेव्हा कोणी एकाने तरी विचारलं का एम म्हणजे काय? तीन महिने न विचारणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही?

पिंपळगाव पॅकहाउस:
विचारत नाहीत भाऊ. माझे वडील पण नाही विचारत. मिलियन आलं की ते मागे टेकून बसतात आणि शेवटी म्हणतात तुम्ही बघून घ्या. मला ते शिकलेल्या माणसांचं प्रेझेंटेशन आवडलं असं वाटायचं. आता सीए साहेबांचं वाचून कळतंय की त्यांना परकं वाटत असणार. आमच्याकडे तर क्विंटल, टन, कंटेनर, पेटी असं सगळंच एकत्र असतं, कांद्याला क्विंटल आणि द्राक्षाला पेटी. हे उद्याच नीट करतो. पण याचा लाइव्हशी संबंध नाही, स्क्रीनशॉटमध्ये पण एम हा एमच राहतो.

गंगापूर रोडचे काका:
मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, निवृत्त आहे. पिंपळगावच्या भावाने मारुतीचं उदाहरण दिलं म्हणून लिहितो. मारुती बघून नदीकाठचा माणूस गाडी हलवतो, बरोबर. पण धरणातून पाणी किती सोडायचं हे मारुतीकडे बघून ठरत नाही. विसर्ग कळवताना अमुक वाजता इतके क्युसेक असंच कळवतात, वेळेशिवाय आकडा आम्ही उच्चारत नव्हतो. कारण गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी शहरातल्या होळकर पुलाखाली यायला वेळ लागतो, मधे नाल्यांचं पाणी मिळतं, दोन ठिकाणचे एकाच क्षणाचे आकडे जुळतच नाहीत. रात्री फोनवर नुसता आकडा सांगणाऱ्या पोराला आमचे साहेब पहिला प्रश्न विचारायचे, किती वाजताचा? त्याला सांगता आलं नाही तर तो आकडा वहीत चढायचा नाही.

दुसरं. २००३ मध्ये कोलंबिया यान पडलं, आपली कल्पना चावला त्यात गेली, सात जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात त्या वेळच्या स्लाइडवर बोट ठेवलं होतं. यानाच्या पंखावर आदळलेला फोमचा तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा होता, १९२० घन इंच कुठे आणि ३ घन इंच कुठे. हे स्लाइडवर लिहिलेलं होतं. अगदी तळाला. ती स्लाइड थांबलेलीच होती, क्वालिटीवाले भाऊ, त्यामुळे थांबलेली आहे म्हणून ती शहाणी असं मानू नका.

अंबडचा क्वालिटीवाला:
काका, हे लागलं. मी पण तारीख तळाला, दहाच्या फॉन्टमध्ये टाकतो. मागच्या बाकावरून ती कोणाला दिसत असेल असं नाही वाटत.

सिन्नर टूलरूम:
सगळे लाइव्ह विरुद्ध फोटो भांडताय, तिसरा प्रकार विसरलात. एक्सेलचा चार्ट कॉपी करून स्लाइडमध्ये पेस्ट, एम्बेड वर्कबुक. आमच्याकडून एकदा कस्टमरला कोटेशनसोबत प्रेझेंटेशन गेलं. त्यात एक साधा बार चार्ट, वर्षाची डिलिव्हरी. त्यांच्या माणसाने चार्टवर डबल क्लिक केलं आणि आख्खी एक्सेल उघडली, मागच्या शीटवर आमचं कॉस्टिंग, मटेरियल किती, मशीन अवर किती, मार्जिन किती. त्याने फोन करून एकच वाक्य सांगितलं, साहेब तुम्ही अजून अकरा टक्के सोडू शकता. ऑर्डर मिळाली, पण वर्षभर त्या पार्टवर आम्ही काहीच कमावलं नाही. ज्याने पेस्ट केलं तो मीच होतो.

त्या दिवसापासून बाहेर जाणारं प्रत्येक प्रेझेंटेशन पिक्चर म्हणून पेस्ट नाहीतर पीडीएफ. लाइव्हवाल्यांनो, तुमच्यातले काही जण लायसन्स वाचवायला पब्लिश टू वेबची लिंक टाकतात, त्या लिंकला पासवर्ड नसतो, ती ज्याच्या हाती लागेल तो बघतो. द्राक्षाच्या बायरची नावं त्यात असतील तर आत्ताच बंद करा.

पिंपळगाव पॅकहाउस:
आमचा पोरगा तेच वापरत होता. आत्ताच फोन करून विचारलं. बंद करायला सांगितलंय. धन्यवाद दादा, मनापासून.

सातपूर डेटा:
त्याच अ‍ॅड-इनमध्ये सेव्ह्ड इमेजचा पर्याय आहे, क्लिक केलं की लाइव्ह डॅशबोर्ड त्या क्षणाचं चित्र होतो आणि परत लाइव्ह पण करता येतो. पण लक्षात ठेवा, चित्र झालं की फाइल ज्याच्याकडे आहे त्याला ते दिसतं, रिपोर्टमध्ये कोणाला काय दिसावं ते तुम्ही कितीही बांधून ठेवलेलं असलं तरी. गूगल स्लाइड्समध्ये तर शीटचा चार्ट अपडेट बटण दाबल्याशिवाय बदलतच नाही, तिथे हा वाद निम्मा संपतो.

अंबडचा क्वालिटीवाला:
हे मला त्या दोन दिवसांत कोणी सांगितलं नाही. सोमवारी ८:४५ ला सगळ्या स्लाइड चित्र करीन, शेवटची एक लाइव्ह ठेवीन, कोणी खोलात विचारलं तर. पण मिनिट्समध्ये (मीटिंगच्या नोंदीत) चित्रातलाच आकडा जाणार, त्यावर मी हलणार नाही.

पिंपळगाव पॅकहाउस:
आणि मी बायरसमोर लाइव्हच ठेवणार, त्यावर मी पण हलणार नाही. वरच्या कोपऱ्यात शेवटचा रिफ्रेश किती वाजता ते टाकतो, एवढं तुमचं ऐकलं.

गंगापूर रोडचे काका:
आकड्याच्या शेजारी टाका, कोपऱ्यात नको. आणि त्याच फॉन्टमध्ये.