मदत हवी आहे: कोणी अंघोळ केलेली नसताना बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतंय

तळमजला:
नमस्कार. सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला परत विचारायला नको.

डोंबिवलीत आमचा तळमजल्यावर वन बीएचके आहे. वर तीन मजले, इमारत 1980 च्या दशकातली. बाथरूम आणि संडास वेगवेगळे. संडासाला काही त्रास नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात एकच जाळी आहे, अंघोळीचं, बेसिनचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी तिथेच जातं.

पंधरा दिवसांपासून बाथरूम तुंबतंय. एकाची अंघोळ झाली की फरशीवर दोन बोटं पाणी साचतं आणि उतरायला अर्धा तास लागतो. इतकंच असतं तर मी केस अडकलेत म्हणून सोडून दिलं असतं. पण सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, आमच्याकडे कोणी बाथरूममध्ये पाऊलही टाकलेलं नसताना, जाळीतून बुडबुड आवाज येतो आणि काळपट पाणी वर येतं. वर साबणाचा फेस असतो. परवा त्याला शाम्पूचा वास येत होता, आणि तो शाम्पू आमच्या घरात कोणी वापरत नाही.

आतापर्यंत उकळतं पाणी ओतून झालं, खायचा सोडा आणि व्हिनेगर झालं. काल रात्री नाली साफ करायची दाणेदार पूड अख्खं पाकीट टाकली. काही फरक नाही, उलट ते पाणी आता तसंच साचलेलं आहे. दीर म्हणतात, उद्या अ‍ॅसिड ओतू. एक प्लंबर येऊन गेला, तो म्हणाला फरशी फोडून पूर्ण पाईप बदलावा लागेल, 18 हजार.

माझी खरी काळजी सासऱ्यांची आहे. वय 78, गेल्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय. सकाळी साडेसातला अंघोळ करायची त्यांची आयुष्यभराची सवय, आणि नेमकी तेव्हाच फरशी बुळबुळीत होते. फोडाफोड करायच्या आधी चोकअप नक्की कुठे आहे हे कसं ओळखायचं, कोणी सांगेल का?

जुनी मोरी:
ताई, बाकीचं नंतर. अ‍ॅसिड अजिबात ओतू नका, दिरांना आत्ताच सांगा. ती पूड म्हणजे कॉस्टिक सोडा. त्यावर अ‍ॅसिड पडलं की एकदम उष्णता होते आणि पाणी उसळून तोंडावर येतं. संडास साफ करायच्या बाटलीतही अ‍ॅसिडच असतं, तेही नको. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड तर कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो.

साचलेलं पाणी रबरी हातमोजे आणि चष्मा घालून प्लास्टिकच्या मगाने काढा आणि संडासात थोडं थोडं टाकत वर भरपूर पाणी ओता. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, कॉस्टिक त्याला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. आजोबांना आज त्या फरशीवर जाऊ देऊ नका, अंग पुसून घेतलं तरी चालेल. पुढे जो कोणी पाईप उघडेल त्याला आत कॉस्टिक आहे हे आधी सांगा. माझ्या भावाने सांगितलं नव्हतं, आणि पाईप उघडणाऱ्या माणसाच्या मनगटाची साल निघाली होती. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

सांगलीकर:
जाळी उचकटून आत हात घातलात का? बाहेरून कितीही ओता, गुंतवळ आतच बसलेली असते. केस, खोबरेल तेल आणि साबणाचा साका यांची दोरी होते आणि तिला सोडा-व्हिनेगर काही करत नाही. ते दोन एकमेकांना मारून टाकतात, फेस तेवढा दिसतो. पाणी उपसून झालं की कपडे अडकवायच्या हँगरची तार सरळ करा, टोकाला बारीक आकडा करा आणि फिरवत फिरवत ओढा.

बिडाचा पाईप:
मी हे काम 31 वर्षं केलं, आता थांबलोय. ताई, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे.

जाळीखाली वाटीसारखा जो भाग असतो त्याला आम्ही नहाणी ट्रॅप म्हणतो. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम थांबलेलं असतं, त्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. गुंतवळ बहुतेक तिथेच अडकते. पण नुसता तुमचा ट्रॅप तुंबला असता तर तुमचंच पाणी उतरलं नसतं, एवढंच. दुसऱ्याच्या शाम्पूचा वास तुमच्या जाळीतून यायचं कारण नव्हतं. म्हणजे अडथळे दोन आहेत असं मला वाटतं. एक तुमच्या ट्रॅपमध्ये आणि दुसरा बाहेर.

तुमच्या काळातल्या इमारतीत संडासाचा उभा पाईप वेगळा आणि न्हाणीचा वेगळा असतो. म्हणून संडास ठीक आहे. तिन्ही मजल्यांच्या न्हाणीचं पाणी एकाच उभ्या पाईपातून खाली येतं, तुमचा आडवा पाईप त्याला तळाशी मिळतो आणि मग सगळं मिळून गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे बाहेर जमिनीत असलेल्या झाकणाच्या छोट्या कुंडीत पडतं. मिळायच्या जागेपुढे अडथळा असला की वरचं पाणी हळूहळू झिरपत जातं. दिवसभर एखादं कोणी नळ सोडतं तेव्हा निभावतं. सकाळी तीन घरं एकदम अंघोळीला बसली की पाणी तुंबून मागे येतं, आणि सगळ्यात खालचं तोंड तुमची जाळी.

नक्की करायचं असेल तर दोन गोष्टी करा. वरच्या कोणाला तरी सांगून त्यांच्या मोरीत कपड्यांची नीळ कालवून दोन-तीन बादल्या ओतायला लावा, सकाळच्या गर्दीतच. तुमच्याकडे निळं पाणी आलं की फरशी फोडायचा विषय संपला. दुसरं, बाहेर भिंतीलगत गल्ली ट्रॅपचं झाकण शोधून उघडा. तो तुडुंब भरलेला असेल तर अडथळा त्याच्या पुढे, गटाराच्या चेंबरकडे. पाणी वर येत असतानाही तिथे नुसती धार असेल तर अडथळा त्याच्या मागे, उभ्या पाईपाच्या पायाशी.

आणि एक सांगा, इमारतीत अलीकडे कोणाकडे फरशीचं काम झालंय का?

तळमजला:
काका, शेवटचा प्रश्न वाचून मी पाच मिनिटं गप्प बसले. तिसऱ्या मजल्यावर दिवाळीनंतर बाथरूमच्या टाइल्स बदलल्या. महिनाभर काम चाललं होतं.

आज इतकंच केलं. जुनी मोरी ताईंनी सांगितलं तसं पाणी उपसलं. दुपारी जाळी काढली. स्क्रू गंजले होते, उलथण्याच्या टोकाने उचकटावी लागली. तार घातली तेव्हा आधी काहीच हाताला लागलं नाही, मग काहीतरी जड अडकलं. हळूहळू ओढत गेले तर हातभर लांब, राखाडी, उंदराच्या शेपटीसारखी गुंतवळ निघाली. मध्ये माझी हरवलेली कानातली फिरकी, शिकेकाईचा चोथा आणि मशीनमधून आलेले कापसासारखे तंतू. खळ्ळ आवाज करत उरलेलं पाणी उतरलं. आता आमच्या अंघोळीचं पाणी लगेच जातंय.

सकाळचं काय होतं ते उद्या बघू. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू नीळ ओतायला तयार आहेत.

तळमजला:
निळं आलं. सात वाजून दहा मिनिटांनी काकूंनी तिसरी बादली ओतली, आणि जाळीतून आधी फेस, मग निळसर पाणी वर आलं. मी सासऱ्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे आपली चूक नव्हती तर." पंधरा दिवस ते स्वतःला दोष देत होते, अंघोळीला जास्त पाणी लागतं म्हणून.

लगेच बाहेर जाऊन गल्ली ट्रॅप उघडला. भरलेला नाही, करंगळीएवढी धार पडतेय. म्हणजे काकांच्या हिशोबाने अडथळा मागे. आता सेक्रेटरी म्हणतात, तुमच्या घरात पाणी येतंय तर खर्च तुमचा. खरं आहे का हे?

गॅलरीतली तुळस:
खरं नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये संस्थेने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. सामाईक ड्रेनेज लाइन त्यात येते. तुमच्या ट्रॅपमधली गुंतवळ तुमची, उभा पाईप संस्थेचा. तोंडी भांडू नका, अर्ज लिहा, निळ्या पाण्याचा फोटो जोडा आणि पोच घ्या.

आणि एक विनंती. काम काढताना कोणालाही चेंबरमध्ये उतरवू नका, "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणाले तरी. आतला वायू दिसत नाही आणि वेळही देत नाही. 2013 च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. वरून सळया घालून काम होतं.

बिडाचा पाईप:
तुळस ताईंशी शंभर टक्के सहमत. तुमच्या कामाला उतरायची गरजही नाही. उभा पाईप जिथे वळतो तिथे डोअरचा बेंड असणार, म्हणजे बोल्ट लावलेलं छोटं दार. झाडं, कुंड्या, भंगार यांच्या मागे लपलेलं असतं. उघडायच्या आधी वरच्या तिन्ही घरांना अर्धा तास पाणी सोडू नका म्हणून सांगा. बोल्ट एकदम काढू नका. आधी खालचे दोन ढिले करून तुंबलेलं पाणी निथळू द्या, आणि माणसाने दारासमोर नाही, बाजूला उभं राहायचं. कॉस्टिकची आठवण करून द्या. दाराचं रबर नवीन आणून ठेवा, जुनं परत बसत नाही. आत फरशीच्या कामातलं सिमेंट बसलेलं असेल तर छिन्नीने जपून काढा. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कडक असतं पण ठिसूळ, जोरात ठोकलं की तडकतं.

तळमजला:
काम झालं, म्हणून लिहायला बसले.

अर्ज दिल्यावर सेक्रेटरींनी नियम वाचला आणि खर्च सोसायटीने करायचं मान्य केलं. काल दुपारी दोन वाजता सोसायटीचा माणूस आला. दार कोरफडीच्या तीन कुंड्यांमागे होतं, इतकी वर्षं राहून मला माहीत नव्हतं. वरच्या तिन्ही घरी मी स्वतः जाऊन सांगून आले. त्या भाऊंना हातमोजे आणि चष्मा दिला, कॉस्टिकचं सांगितलं. ते म्हणाले, असं कोणी आधी सांगत नाही.

खालचे बोल्ट ढिले केल्यावर काळं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. दार उघडलं तेव्हा आतली अर्ध्याहून जास्त गोलाई सिमेंटने भरलेली होती. पाईपाच्या आकाराचा गुळगुळीत गोळा, त्यात टाइल्सचे पांढरे तुकडे आणि वर केसांचा थर. घमेली मोरीत धुतली असणार. छिन्नीने तासाभरात चार तुकड्यांत निघालं. मग नीळ घालून तीन बादल्या वरून सोडल्या, गल्ली ट्रॅपमध्ये पाईपभर धार आली आणि आमच्या जाळीत आवाजसुद्धा नाही. फरशी फोडली नाही. सोसायटीला एकूण खर्च 1,400 रुपये आला, नवीन रबरासकट.

तिसऱ्या मजल्यावरच्यांना तो तुकडा दाखवला. त्यांना खरंच माहीत नव्हतं, वाईट वाटलं त्यांना. पहिल्या मजल्यावर मे महिन्यात फरशीचं काम निघणार आहे. तिथे जाळीवर गोणपाट बांधायचं आणि घमेली खाली अंगणात धुवायची, असं आजच सूचना फलकावर लावलंय.

आज सकाळी साडेसातला सासरे अंघोळीला गेले. मी पंधरा दिवसांच्या सवयीने दाराबाहेर उभी होते. फरशी कोरडी होती.

काका, एकच शेवटचं विचारते. जाळीखाली वाटी असलेली झुरळाची जाळी बसवू का, की केसांसाठी वरून साधी बारीक जाळी पुरेल?

बिडाचा पाईप:
वाटीची बसवा, पण दर रविवारी उचलून धुणार असाल तरच. नाहीतर गुंतवळ त्या वाटीतच साठते आणि पुन्हा पाणी तुंबतं. मशीनच्या पाईपाच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा, तंतू तिथेच अडकतील. आजोबांना माझा नमस्कार सांगा.