बचत केली म्हणजे देवावर भरवसा नाही का?

मोहरीचा_दाणा: जय ख्रिस्त. घरची कमाई कंत्राटी कामाची. एखादा महिना 14 हजार, एखादा 22. मत्तय 6:34 सांगतं, उद्याची चिंता करू नका. मग पैसे बाजूला टाकणं अविश्वास ठरतो का? दशमांश, म्हणजे देवासाठी द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, कशावर काढायचा? आणि पैसे कमी पडले की क्रेडिट कार्ड वापरावं का?

ओमरभर: त्याच्या जोडीला निर्गम 16 वाचा. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळणारं अन्न, म्हणजे मान्ना, माणशी एक ओमर, साधारण दोन लिटर. एरवी सकाळपर्यंत ठेवला की किडे पडत, घाण सुटे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची आज्ञा होती, आणि तो नासला नाही. शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवशी, गोळा करायला गेलेल्यांना काहीच मिळालं नाही, हे प्रवचनात क्वचितच येतं! मिसरात योसेफानेही दुष्काळाच्या तयारीसाठी सुकाळाची सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरला (उत्पत्ती 41). येशू चिंता सोडायला सांगतो, हिशेब सोडायला नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च काढणारा माणूस लूक 14 मध्ये त्यानेच दाखवलाय.

हिशेब_वही: आता आकडे. गेल्या सहा महिन्यांतला सगळ्यात कमी महिना धरा, 14,000. दशमांश 1,400 गेला की उरतात 12,600. घर दर महिन्याला तेवढ्यातच बसवायचं. 22,000 आले तर दशमांश 2,200, घराला 12,600, आणि उरलेले 7,200 वेगळ्या खात्यात. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, नाहीतर महिनाअखेरीस ते रिकामंच सापडतं. मंदीच्या महिन्यात तूट तिथूनच भरा. आधी तीन महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 37,800 साठू द्या.

कार्डाने तूट भरू नका. फक्त किमान रक्कम भरली की उरलेल्यावर महिना तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं, आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. "विश्वासाने कर्ज काढलं" असं म्हणणाऱ्यांनी नीतिसूत्रे 22:7 वाचावं: कर्ज घेणारा सावकाराचा दास होतो. आधीचं कर्ज डोक्यावर असेल तर दशमांशाबद्दल पाळकांशी बोला. पण "एवढं पेरा, दसपट मिळेल" म्हणणाऱ्याच्या हाती हप्त्याचे पैसे देऊ नका.

मोहरीचा_दाणा: आणि गरज मंडळीला, म्हणजे चर्चमधल्यांना, सांगायची का? जॉर्ज म्यूलर तर कुणाकडे मागत नसत.

ओमरभर: इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आपल्या अनाथाश्रमांसाठी म्यूलर देणग्या मागत नसत, खरं. पण ते कर्जही काढत नसत आणि पैशापैशाचा हिशेब छापून काढत. लोक एवढंच विसरतात. न मागणं हा त्यांचा स्वतःचा नेम होता, सगळ्यांना घालून दिलेला नियम नव्हे. पौलाने यरुशलेमेतल्या गरिबांसाठी उघड वर्गणी मागितली (2 करिंथ 8 आणि 9). पंडिता रमाबाईंवर म्यूलरचा प्रभाव होता, तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग आणि छापखाना चालवला.

तेव्हा वडीलजनांना जरूर सांगा, पण नेमकं सांगा: "भाड्याचे 3,000 कमी पडतायत, तारीख 5." नुसतं "अडचण आहे, प्रार्थना करा" म्हटलं की प्रार्थना होते आणि भाडं तसंच राहतं.