परदेशात फार्मसिस्टचा परवाना : कागद, परीक्षा, इंटर्नशिप (अनुभव धागा)

बी.फार्म. किंवा फार्म.डी. झालेली मुलं निकाल लागला की विचारायला लागतात, "बाहेर जायचंय, कुठल्या परीक्षेचा अभ्यास सुरू करू?" खरं तर सुरुवात कागदांपासून होते. आणि देश कुठला, हे पुष्कळदा पदवी किती वर्षांची आहे यावरच ठरतं. ज्यांनी हा रस्ता पुरा केलाय आणि जे इथे बसून कागदपत्रांची कामं करतात, त्यांनी या धाग्यावर लिहावं. "मी कसा पोचलो" हे नको. पायऱ्या, आकडे आणि नेमकं कुठे अडतं तेवढं पुरे. नियम बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या त्या संस्थेचं ताजं पान वाचायचंच.

न्यू जर्सीहून

अमेरिकेचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच फुकट जातात. परदेशी पदवीधरांची छाननी एनएबीपी ही संस्था करते आणि तिच्या प्रमाणपत्राला एफपीजीईसी म्हणतात. १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी मिळाली असेल तर फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपला बी.फार्म. चार वर्षांचा. म्हणजे २००३ नंतरच्या बी.फार्म.वाल्यांना हे दार बंद. वर दोन वर्षांचं एम.फार्म. जोडून "सहा वर्षं झाली की" असं म्हणून चालत नाही. मोजली जाते ती फार्मसिस्ट होण्याची मूळ पदवी. भारतातला सहा वर्षांचा फार्म.डी. (नियम २००८ चे) या अटीत बसतो. हे कळायच्या आधीच क्लासची फी भरणारे दरवर्षी भेटतात.

क्रम असा. आधी ईसीई या संस्थेकडून शिक्षणाचं मूल्यांकन, मग एनएबीपीकडे अर्ज, मग एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा आणि टोफेल ही इंग्रजीची. एफपीजीईईत २०० बहुपर्यायी प्रश्न आणि साडेचार तास. अर्जासोबत मायदेशातल्या नोंदणीचा पुरावा लागतो. जे पदवीनंतर थेट एमएस करायला आले आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नाव घालायचं राहिलं, ते इथे अडकतात. निघण्याआधी नोंदणी करा आणि ती चालू ठेवा.

टोफेलमध्ये वाचन २२, ऐकणं २१, बोलणं २६, लिहिणं २४ आणि हे सगळं एकाच बैठकीत, अशी अट जुन्या ०–३० च्या मापात होती. २०२६ पासून टोफेलचं मापच बदललंय, त्यामुळे आजचे आकडे एनएबीपीकडूनच घ्या. बाकी भागांत छान गुण मिळवणारी माणसं बोलण्याच्या २६ वर पुन्हा पुन्हा अडतात. इंग्रजी कच्चं असतं असं नाही. पंचेचाळीस सेकंदांत उत्तर मुद्देसूद संपवायची सवय नसते, आणि ती रेकॉर्डिंग ऐकूनच लागते.

पुण्याहून, कागदपत्रांचं काम बघणारा

ट्रान्स्क्रिप्टबद्दल, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याबद्दल. जवळपास प्रत्येक परदेशी संस्थेला ती विद्यापीठाकडून थेट हवी असते: सीलबंद पाकिटात, झाकणावर शिक्का-सही, किंवा विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून. कॉलेजने दिलेली ट्रान्स्क्रिप्ट चालेल असं गृहीत धरू नका. पाकीट तुमच्या हातात आलं तर उघडून बघायचा मोह आवरा, उघडलेलं पाकीट रद्द.

सगळ्यात मोठी डोकेदुखी नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, कित्येकदा शेवटी आईचं नावही. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या कागदांवर दोन तऱ्हा सापडतात: मार्कशीट माहेरच्या नावाची, कौन्सिलची नोंद माहेरच्या, पासपोर्ट सासरच्या. उपाय म्हणजे विवाह प्रमाणपत्र, नोटरीकडचं "दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र, आणि नाव कायमचं बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नोंद. हे सगळं पहिल्या अर्जासोबतच जोडा. आक्षेप आल्यावर जोडलं तर फाईल पुन्हा रांगेच्या शेपटाला जाते.

कौन्सिलचं गुड स्टँडिंग प्रमाणपत्रही (नोंदणी चालू आहे आणि तक्रार नाही असं सांगणारं) मुदतीचं असतं. फार लवकर काढलं तर संस्थेकडे पोचेपर्यंत जुनं ठरतं.

दुबईहून

आखातात परीक्षेपेक्षा डेटाफ्लो, म्हणजे त्या नावाच्या कंपनीकडून होणारी कागदांची पडताळणी, जड जाते. पदवी, नोंदणी आणि अनुभव या तिन्हीची खातरजमा मूळ ठिकाणी विचारून होते. अनुभवावर गाडी रुळावरून घसरते ती एका जुन्या सवयीमुळे. आपल्याकडे काही जण सर्टिफिकेट मेडिकल स्टोअरला "लावतात" आणि स्वतः दुसरीकडे नोकरी नाही तर एम.फार्म. करतात. पुढे तोच काळ अनुभव म्हणून दाखवला की तारखा एकमेकांवर चढतात. पडताळणीवाल्यांना ते लगेच दिसतं, आणि नकारात्मक अहवाल तुमच्या नावावर राहतो. जो काळ खरा नाही तो दाखवूच नका.

खऱ्या अनुभवाच्या पत्रात हुद्दा, रुजू व्हायची आणि सोडायची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, दुकानाचा परवाना क्रमांक आणि उचलला जाईल असा फोन हवा. दुकान सोडताना परवान्यावरून तुमचं नाव काढायला आपल्याकडच्या एफडीएला (अन्न व औषध प्रशासन) लेखी कळवा आणि पोच घ्या. तीच पोच पुढे सोडल्याच्या तारखेचा पुरावा होते.

ब्रॅम्प्टनहून

चार वर्षांच्या बी.फार्म.ला कॅनडा चालतो, डी.फार्म.ला नाही. पहिली पायरी नाप्रा या संस्थेचं फार्मसिस्ट्स गेटवे. तिथे नोंदणी करून राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यायचा. मग पीईबीसी या परीक्षा मंडळाकडे कागदांची छाननी, इव्हॅल्युएटिंग परीक्षा, आणि क्वालिफाइंगचे दोन भाग: पहिला बहुपर्यायी, दुसरा ऑस्की, म्हणजे टप्प्याटप्प्याने घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा. क्विबेकची वाट यापेक्षा वेगळी. शेवटी ज्या प्रांतात काम करायचं तिथला कायद्याचा पेपर आणि प्रत्यक्ष मूल्यमापन. ऑन्टॅरिओत त्याला पेस म्हणतात. साधारण ७० तास प्रशिक्षित मूल्यमापक तुम्हाला काम करताना बघतो. ते शिकायचे तास नाहीत, तिथे शिकून जायचं असतं.

ऑस्कीत एका टप्प्याला सात मिनिटं. आपली मंडळी नापास होतात ती औषधाची माहिती कमी म्हणून क्वचितच. समोरचा अभिनय करणारा "पेशंट" खोकल्याचं औषध मागतो आणि उमेदवार पहिल्या मिनिटाला उत्तर देऊन मोकळा. तो रक्तदाबाच्या गोळ्या घेतो हे विचारलंच नाही. रॅमिप्रिल चालू असेल तर कोरडा खोकला त्याचाच असू शकतो. मग सिरप विकणं चूक, डॉक्टरांशी बोलून गोळी बदलायला सुचवणं बरोबर. पहिली दोन-अडीच मिनिटं फक्त विचारायला ठेवा: कोणासाठी, किती दिवस, आणखी काय त्रास, आणखी कुठली औषधं, ॲलर्जी, गरोदरपण. मग एक निर्णय, तो का, औषध कसं घ्यायचं, आणि किती दिवसांत फरक नाही पडला तर कुठे जायचं. शेवटचा भाग राहिला तर गुण जातात.

रेझ्युमेत एक चूक फार दिसते. परवाना नसताना इथे काम मिळतं ते फार्मसी असिस्टंटचं. "फार्मसी टेक्निशियन" हा ऑन्टॅरिओत वेगळा परवाना असलेला हुद्दा आहे. तो स्वतःला लावला तर दुकानदार अर्ज बाजूला ठेवतो, आणि ते रास्तच आहे.

मेलबर्नहून

ऑस्ट्रेलियाबद्दल जुने व्हिडिओ बघून केएपीएसचा अभ्यास करणारे अजून सापडतात. ती परीक्षा २०२५ मध्ये गेली, तिच्या जागी ओप्रा आली. एकच पेपर, १२० प्रश्न, अडीच तास. सगळ्यात मोठा वाटा उपचार आणि रुग्णसेवेचा, जवळजवळ ४५ टक्के. औषधी रसायन आणि बायोफार्मास्युटिक्स मिळून दहाच्या आसपास. आपल्याकडच्या नोट्स याच्या नेमक्या उलट्या वजनाच्या असतात. संश्लेषणाच्या अभिक्रिया पाठ करण्यात महिना घालवू नका. हृदय, मधुमेह, दमा, संसर्ग आणि मानसिक आजार यांवर तो महिना द्या, आणि अभ्यास एएमएच या ऑस्ट्रेलियन हँडबुकातूनच करा, कारण पहिल्या पसंतीचं अँटिबायोटिक देशागणिक बदलतं.

परीक्षेनंतर प्रोव्हिजनल नोंदणी, मग देखरेखीखाली १५७५ तास, त्यासोबत इंटर्न प्रशिक्षण, लेखी आणि तोंडी परीक्षा. नोंदणी हातात येण्याआधी केलेले तास धरले जात नाहीत. प्रीसेप्टर (देखरेख करणारा फार्मसिस्ट) आणि जागा दोन्हींना मंजुरी हवी. इंग्रजीसाठी आयईएलटीएसला प्रत्येक भागात ७ लागत होते, मार्च २०२५ पासून लिहिण्यात ६.५ चालतो, पण एकूण ७ हवेतच.

इंटर्नशिप शहरात शोधणाऱ्यांची गर्दी. सिडनी किंवा मेलबर्न शहराच्या मध्यवर्ती भागात शंभर अर्ज आणि उत्तर एकाचंही नाही, तर तीन-चार तास लांबच्या गावात मालक स्वतः फोन करतो. अर्जात "मेहनती, शिकायला उत्सुक" वगैरे लिहू नका. फ्रेड डिस्पेन्स हे दुकानातलं सॉफ्टवेअर वापरता येतं का, वेबस्टर-पॅक (दिवस-वेळेनुसार गोळ्यांची पाकिटं) भरलेत का, गाडी चालवायचा परवाना आहे का, कुठल्या तारखेपासून येऊ शकता, हे चार प्रश्न त्याला पडलेले असतात. पहिल्या पाच ओळींत उत्तरं द्या. ईमेलपेक्षा दुपारी तीनच्या सुमारास, दुकानात शांतता असताना, प्रत्यक्ष जाणं बरं.

लेस्टरहून

इंग्लंडचं थोडक्यात: ओएसपीएपी हा परदेशी फार्मसिस्टांसाठीचा एका वर्षाचा अभ्यासक्रम, मग ५२ आठवडे फाउंडेशन प्रशिक्षण, मग नोंदणीची परीक्षा, जून किंवा नोव्हेंबरमध्ये. प्रयत्न जास्तीत जास्त तीन. पहिला भाग नुसत्या गणितांचा: ४० प्रश्न, दोन तास, पर्याय नाहीत. आकडा स्वतः टाकायचा.

लोक चुकतात ते अशा ठिकाणी. बेन्झिलपेनिसिलिनची ६०० मिलिग्रॅमची कुपी, पावडरची स्वतःची जागा ०.४ मिली. "१० मिलीत ६०० मिलिग्रॅम" हवं तर पाणी घालायचं ९.६ मिली. सरळ १० घातलं की एकूण १०.४ मिली होतं, आणि ५ मिली ओढून ३०० मिलिग्रॅम दिले असं वाटलं तरी प्रत्यक्षात जातात २८८. नवजात बाळांच्या प्रश्नांत हे हमखास असतं.

न्यू जर्सीहून, वरच्याला जोडून

एककांचा घोळ सगळ्या देशांत आहे. भारतात आणि अमेरिकेत क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मायक्रोमोल प्रति लिटर, ८८.४ ने गुणा. साखर मिलिमोलमध्ये आणायची तर १८ ने भागा. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती काम करतं त्याचा अंदाज) काढून बघा. ७० वर्षांचा पुरुष, ६० किलो, क्रिएटिनिन १.५: (१४० − ७०) × ६० ÷ (७२ × १.५) = सुमारे ३९ मिली प्रति मिनिट. मायक्रोमोलमध्ये तोच माणूस १३२.६, सूत्रात ७२ ऐवजी वर १.२३ गुणक, उत्तर तेच ३९. दोन्ही सूत्रं मिसळली की आकडा भलताच येतो. वेडावाकडा आला तर निदान संशय तरी येतो. थोडासाच चुकला तर डोस तसाच पुढे जातो.

एफपीजीईसीनंतर राज्याच्या बोर्डाकडे इंटर्न म्हणून नोंदणी. तास राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात १५००, आणि कायद्याचा पेपरही तिथला स्वतःचा, सीपीजेई. बहुतेक राज्यांत एमपीजेई. नॅप्लेक्स ही परवान्याची मुख्य परीक्षा सगळीकडे: २२५ प्रश्न, सहा तास, दोन प्रयत्नांत ४५ दिवसांचं अंतर.

इंटर्न म्हणून पहिल्या आठवड्यात जे विचारतात ते पुस्तकात नसतं. विम्याने "रिफिल टू सून" म्हणून नाकारलं तर शेवटची उचल कधी, किती दिवसांची, बघायचं. "प्रायर ऑथरायझेशन" (विमा कंपनीची आधी मंजुरी हवी) आलं तर डॉक्टरच्या दवाखान्याला कळवायचं आणि पेशंटला किती दिवस लागतील ते सांगायचं. नियंत्रित औषधांपैकी शेड्यूल दोनच्या औषधाला रिफिल नाही. तीन आणि चारला सहा महिन्यांत पाचपर्यंत. डॉक्टरचा डीईए क्रमांक (नियंत्रित औषधं लिहायचा नोंदणी क्रमांक) तपासायची रीत तोंडपाठ ठेवा. एबी१२३४५६३ घ्या. पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळून ९. दुसरा, चौथा, सहावा मिळून १२, दुप्पट २४. बेरीज ३३, शेवटचा आकडा ३, क्रमांकाचा शेवटही ३. जुळलं म्हणजे चिठ्ठी खरी असं नाही, न जुळलं तर मात्र नक्की गडबड.

नागपूरहून

फार्म.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ईसीई आणि पीईबीसी दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज केला तर चालतं का?

पुण्याहून

चालतं, दोन्ही संस्थांचा एकमेकींशी संबंध नाही. ट्रान्स्क्रिप्टचे सीलबंद संच मात्र एकाच अर्जात मागा, प्रत्येक संस्थेसाठी एक आणि दोन जादा. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभापर्यंत येत नाही, तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र चालेल की नाही हे अर्ज करण्याआधी दोघांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. दरम्यान अंतिम वर्षाचा निकाल आणि इंटर्नशिप पूर्ण केल्याचं पत्र हाती आलं की पहिल्यांदा कौन्सिलची नोंदणी उरका.