‘लीथॅलिटी’ला मराठीत काय म्हणावं?

वीसमुखी, म्हापसा
आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांवर रंगवायचा साहसाचा खेळ) गट रविवारी दुपारची जेवणं आटोपून बसतो. नव्या पोरांसाठी नियमांचं टाचण मराठीत करतोय. गाडी अडलीय ‘लीथॅलिटी’वर. खेळात आपलं पात्र मरण्याची भीती किती, हा अर्थ. कोशातून ‘प्राणघातकता’ आणि ‘मारकता’ निघतात. हे टाचणात घातलं तर पोरं दुसऱ्या रविवारी यायची नाहीत.

मांडवीपार, पर्वरी
‘मारक’ नकोच. ‘आरोग्यास मारक’ म्हणतो तेव्हा त्यात अपाय असतो, मरण नसतं. ‘जीवघेणा’ची धार स्पर्धेला आणि उकाड्याला लावून लावून गेली. पण भाववाचक नामाचा हट्ट कशाला? ‘या खेळात मरण किती स्वस्त?’ एवढं विचारलं की झालं. १९७४च्या मूळ नियमांत ते फारच स्वस्त होतं, हिट पॉइंट, म्हणजे पात्राच्या जिवाचे गुण, शून्यावर आले की कारभार आटोपला. १९७७च्या ‘ट्रॅव्हलर’ या अशाच दुसऱ्या खेळात तर पात्र तयार करता करताच मरू शकतं!

जुना गडी, फोंडा
अरे, हुतुतू विसरलात की काय? त्याचे तीन जुने प्रकार आहेत. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद गडी उठतो. गामिनीत एकदा बाद झालेला अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झाला तरी गडी मैदानातच, फक्त गुण जातो. टाचणात वर एकच शब्द लिहा, ‘आजचा डाव गामिनी’. आणि सगळा गट एकाच खोलीत आडवा झाला, ज्याला तुम्ही टीपीके म्हणता, तर ‘लोण चढलं’!

वीसमुखी
लोण आजपासून लागू. पण काका, संजीवनीत उठायला पैसे पडत नाहीत. इथे मेल्यावर मिनिटाच्या आत मंत्र टाकला तर ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे लागतात, दहा दिवसांच्या आत उठवायचं तर ५०० नाण्यांचा हिरा. म्हणजे प्रश्न दोन झाले: मरण किती स्वस्त, आणि परत येणं किती महाग. इंग्रजीवाले दोन्ही एकाच शब्दात कोंबतात आणि मग तासभर भांडतात.

दशावतारी, पेडणे
मला अडचण क्रियापदाची वाटते. ‘पात्राचा मृत्यू’ टाचणात ठीक, टेबलावर असं कोण बोलतं? आमच्याकडे फासा पडला की पहिली ओरड कोंकणीत, ‘मेलों रे!’ मराठीत सांगताना मात्र ‘माझा जादूगार मेला’. ‘मी’ लगेच बाजूला होतो. मग कोण कसा मेला त्यावर शब्द ठरतो. ड्रॅगनसमोर शेवटपर्यंत उभा राहिलेला योद्धा धारातीर्थी पडतो. पहिल्याच लेव्हलला खड्ड्यात पाय गेलेला चोर गचकतो. सापळा आहे हे माहीत असूनही पेटी उघडणारा खपतो, त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही. ‘वारला’ मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. अंथरुणावर मरण्याएवढं आयुष्य या खेळात मिळतं कोणाला?

मांडवीपार
‘कामी आला’ राहिलं. मागे थांबून बाकीच्यांना दार गाठू देणाऱ्यासाठी.

वीसमुखी
वा. आता मधली अवस्था. २०१४च्या नियमांत शून्यावर आलेला लगेच मरत नाही. आपल्या पाळीला वीसमुखी फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर एक बरी खूण, खाली आलं तर वाईट. एक पडला तर दोन वाईट. तीन बऱ्या आधी झाल्या तर तगला, तीन वाईट झाल्या तर गेला. ‘मृत्युरक्षण फेक’ असं काहीतरी खरडलं होतं, वाचूनच घाम फुटला.

जुना गडी
घटका मोजतोय.

वीसमुखी
काका! टाचणात अगदी तसंच: ‘शून्यावर आलास की घटका मोजायच्या’. आणि तीन बऱ्या खुणा होऊनही जो शुद्धीवर येत नाही, तो?

दशावतारी
त्याला धुगधुगी आहे.